आकडे वकिलांनी लिहिलेले नसतात

घरी काडतुसं भरायला शिकणाऱ्या नवशिक्याला इथे अमेरिकेत पहिल्या महिन्याभरातच एक वाक्य ऐकायला मिळतं. बंदुकीच्या दुकानात मिळेल, नेमबाजीच्या रेंजवर मिळेल, शेजाऱ्याकडून मिळेल. "पुस्तकातले आकडे फार मनावर घेऊ नकोस रे, ते वकिलांनी लिहिलेले असतात." म्हणजे काय, तर कोणी जखमी झालं आणि कंपनीला कोर्टात खेचलं तर नको, म्हणून छापताना मुद्दाम कमी करून छापलेले. खरे आकडे बरेच वर आहेत आणि ते 'जाणकारां'ना ठाऊक आहेत! सांगणारा बहुधा साठीच्या पुढचा, दहाही बोटं शाबूत, तीस वर्षं हेच करतोय. त्यामुळे नवशिक्याला ते पटतं. मला मात्र हे वाक्य भयंकर डोक्यात जातं, आणि आज त्याचाच समाचार घ्यायचा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिकडे बसून हा प्रकार विचित्रच वाटेल. आपल्याकडे, निदान पुणेकराला, काडतूस म्हटलं की खडकीचा दारूगोळा कारखाना आठवतो. १८६९ सालचा. उंच भिंती, पहारा, आत जायची सोय नाही. इथे त्या भिंतीआडचं एक छोटं काम माणसं शनिवारी दुपारी गॅरेजमध्ये करतात. स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो. (भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून कोणी गॅलरीत उद्योग करू नयेत.) आणि इथेही व्हिसावर आलेल्या माणसाला, काही अपवाद सोडले तर, बंदूक काय, काडतूससुद्धा बाळगता येत नाही. हे आपल्या बऱ्याच पोरांना माहीतच नसतं.

काम दिसायला सोपं. गोळी उडाली की पितळेची पुंगळी मागे राहते. ती उचलून आणायची, साफ करायची, साच्यात दाबून पुन्हा मूळ मापावर आणायची, बुडाची वापरलेली टोपी काढून नवी बसवायची, मोजून दारू घालायची, वर गोळी बसवायची. एक पुंगळी अशी अनेकदा वापरता येते. लोक हे पैसे वाचवायला करतात, किंवा आपल्याच रायफलला मानवेल असं काडतूस बनवून नेम सुधारायला करतात. दुसरं कारण जास्त खरं, कारण पैसे वाचतात असं म्हणणारा प्रत्येक जण वाचलेल्या पैशांची आणखी हत्यारं आणतो.

दारू मोजतात ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे दाणा नव्हे आणि ग्रॅम तर नव्हेच नव्हे; नवशिक्यांचा पहिला घोटाळा इथेच होतो. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम. आपल्याला हे माप परकं नाही खरं तर. इंग्रजांनी तोळा ठरवला तोच १८० ग्रेनचा. तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे गुंजेचे जेमतेम दोन ग्रेन. पिस्तुलाच्या काही काडतुसांत दारू चार-पाच ग्रेन असते. दोन-अडीच गुंजा! सोनाराच्या काट्याचं काम आहे हे, आणि सल्ले मात्र पाणीपुरीवाल्याच्या थाटात दिले जातात: "घाल अजून थोडं, काही होत नाही."

आता ते आकडे येतात कुठून? दारू बनवणाऱ्या आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या पुस्तकं छापतात, काही जण संगणकावर फुकट देतात. प्रत्येक काडतुसासाठी, गोळीच्या प्रत्येक वजनासाठी, प्रत्येक दारूसाठी दोन आकडे: इथून सुरुवात करा आणि याच्यापुढे जाऊ नका. या दोन आकड्यांच्या मागे एक प्रयोगशाळा असते. ठरलेल्या मापाची जाड चाचणी-नळी, तिच्यात बसवलेला दाब मोजणारा स्फटिकाचा सेन्सर, आणि एकाच प्रकारची अनेक काडतुसं उडवून घेतलेली नोंद. दाबाची मर्यादा कंपनी मनाने ठरवत नाही. १९२६ पासून अमेरिकेत 'सामी' नावाची उत्पादकांची संस्था आहे, ती प्रत्येक काडतुसाची मर्यादा ठरवून जाहीर करते. .३८ स्पेशल या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला १७,००० पीएसआय. शिकारीच्या .२७० विंचेस्टरला ६५,०००.

६५,००० पीएसआय म्हणजे किती? तुमच्या घरातला कुकर साधारण १५ पीएसआयला शिट्टी देतो. त्याच्या चार हजार पटींहून जास्त. आणि हे सगळं चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, एक-दीड मिलिसेकंदात.

ही गोष्ट आकड्यांच्या खेळासारखी वागली असती तरी चाललं असतं. दहा टक्के दारू वाढवली, दहा टक्के दाब वाढला, हिशेब करता आला असता. तसं होत नाही. बिनधुराची दारू १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने यशस्वी केली, आणि ती कशी जळते याचा नियमही त्याच्याच नावाने ओळखला जातो. ही दारू जितक्या दाबाखाली असेल तितकी जास्त वेगाने जळते. म्हणजे दाब वाढला की जळणं वाढतं, जळणं वाढलं की दाब आणखी वाढतो. मर्यादेजवळ गेल्यावर अर्ध्या ग्रेनची वाढ ही खालच्या बाजूच्या अर्ध्या ग्रेनसारखी नसते. पुंगळी जाड भिंतीची असेल तर आतली जागा कमी होते, दाब वाढतो. गोळी जरा जास्त आत बसली तरी तेच. पिस्तुलाच्या छोट्या काडतुसात अर्धा-पाऊण मिलिमीटरसुद्धा पुरतो. टोपी दुसऱ्या कंपनीची, गोळी दुसऱ्या आकाराची, प्रत्येक बदलाने आकडा हलतो. पुस्तकातली एक ओळ ही त्या एका जोडणीची मोजणी असते. 'साधारण असंच काहीतरी' असणाऱ्या जोडणीची नसते.

मी पोटापाण्यासाठी प्रेशर व्हेसल्सचं काम करतो, त्यामुळे मंडळींचा पुढचा मुद्दा मला चांगलाच परिचयाचा आहे. "अहो, पण फॅक्टर ऑफ सेफ्टी असतोच ना! बंदुकीची चाचणी जास्त दाबाच्या काडतुसाने करूनच ती विकतात." करतात. मर्यादेच्या तीस-चाळीस टक्के वरच्या दाबाने, एखाद-दोनदा. आमच्याकडेही टाकी तयार झाली की पाणी भरून डिझाइनच्या १.३ पट दाबाने तपासतात. म्हणून कोणी प्लँट मॅनेजर ती टाकी रोज १.३ पटीने चालवायला निघाला तर त्याला त्याच दिवशी घरी बसवतील. तो वरचा भाग पोलादातल्या दोषासाठी, झिजेसाठी, मोजमापातल्या चुकीसाठी राखलेला असतो. तुमच्या हौसेला म्हणून राखून ठेवलेला तो भत्ता नाही. १९०५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावी बुटांच्या कारखान्यातला जुना बॉयलर फुटला आणि ५८ माणसं गेली. त्यानंतर १९१५ साली बॉयलरचा कोड छापून आला. तो अशा मेलेल्या माणसांमुळे लिहिला गेला, वकिलांच्या हौसेने नव्हे.

आता एक ताजं उदाहरण. टेक्सासमध्ये राहणारा एक आपला मुलगा, मूळचा सांगलीकडचा, ग्रीन कार्ड झाल्यावर या छंदात शिरला. मला काका म्हणतो. एका रात्री फोन. "काका, साठ काडतुसं भरलीत. .२७० ची. शेजारच्या आजोबांनी त्यांच्या वडिलांच्या वहीतला आकडा दिला. पण पुस्तकात बघितलं तर पुस्तकाचा कमाल आकडा याच्या बराच खाली आहे. ते म्हणतात पुस्तक वकिलांनी लिहिलंय. उडवू ना?"

मी विचारलं, वहीत दारूचं नाव काय लिहिलंय? म्हणाला, "४८३१." नुसतं? "नुसतं." आणि तुझ्या डब्यावर काय आहे? "आयएमआर ४८३१." वही कधीची? "साठच्या दशकातली."

संपलं. ही गोष्ट या छंदात पडलेल्या प्रत्येकाला माहीत हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याकडे ४८३१ नावाची तोफेच्या काडतुसांची दारू ढिगाने उरली होती. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडनने ती विकत घेऊन घरी भरणाऱ्यांना स्वस्तात विकली. अनेक वर्षं '४८३१' म्हणजे तीच एक. .२७० मध्ये ती फार गाजली. मग १९७३ साली ड्यू पाँट कंपनीने आपली आयएमआर ४८३१ बाजारात आणली. आकडा तोच, दारू वेगळी, आणि जुनीपेक्षा जलद जळणारी. दोन्हींच्या कमाल मर्यादेत काही ग्रेनचा फरक आहे. म्हणजे १९७३ पूर्वीच्या वहीतला अगदी खरा, अनुभवसिद्ध, वडिलांनी शेकडो हरणं मारलेला आकडा आजच्या आयएमआरच्या डब्यातून भरला, तर तुम्ही मर्यादेच्या पलीकडे गेलात. गंमत म्हणजे २००३ पासून दोन्ही नावं एकाच कंपनीकडे आहेत. डब्यावरचं एक अक्षर काय तो फरक!

वडील खोटं बोलले नव्हते, आजोबाही नाहीत. वहीतल्या आकड्यासोबत फक्त त्याची परिस्थिती लिहिलेली नव्हती. छापलेला आकडा आणि ऐकीव आकडा यांत मला दिसणारा फरक एवढाच आहे, आणि तो पुरेसा आहे. छापलेल्या आकड्याला साल असतं, दारूचं पूर्ण नाव असतं, गोळीचं वजन आणि बनावट असते, पुंगळी आणि टोपी कोणाची हे असतं, नळीची लांबी असते. ऐकीव आकड्याला फक्त आत्मविश्वास असतो.

मुलगा म्हणाला, "पण काका, मी हळूहळू बघत जाईन ना. जास्त दाब झाला तर खुणा दिसतात म्हणे." हो, दिसतात. टोपी चपटी होते, बोल्ट उघडायला जड जातो, पुंगळीच्या बुडावर चकाकता डाग उमटतो. पण या खुणा पितळेच्या आहेत. पितळ कधी हार मानतं ते त्या सांगतात, तुमची बंदूक कधी मानेल ते नाही. .४५ कोल्ट हे १८७३ सालचं काडतूस घ्या. मर्यादा १४,००० पीएसआय. आधुनिक पुंगळी त्याच्या दुप्पट दाबालाही हूं की चूं करणार नाही. जुन्या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर मात्र तेवढं सहन करेलच असं नाही. म्हणजे 'खूण दिसली नाही' याचा अर्थ 'सुरक्षित आहे' असा होतच नाही. त्याच वर्षीच्या .४५-७० काडतुसासाठी पुस्तकात तीन वेगवेगळी कोष्टकं असतात: एक जुन्या ट्रॅपडोअर रायफलींसाठी, एक लिव्हरवाल्यांसाठी, एक आजच्या भक्कम रायफलींसाठी. तेच काडतूस, तीच पुंगळी, पण चुकीच्या पानावरचा आकडा चुकीच्या बंदुकीत गेला की संपलं.

काही हुशार लोक उलट टोकाला जातात. "मी कमीच घालतो, कमीत काय धोका?" आहे. एच ११० नावाची रिव्हॉल्व्हरची दारू आहे. तिच्याबद्दल बनवणारेच सांगतात की कमाल आकड्यापेक्षा तीन टक्क्यांहून खाली जाऊ नका. कमी घातली तर ती नीट पेटत नाही, गोळी नळीत अडकून राहू शकते. नुसता 'फुस्स' आवाज होतो, नवशिक्याला वाटतं काडतूस फुकट गेलं, आणि तो पुढचं उडवतो, बंद नळीत. सगळीकडे ऐकू येणारा 'दहा टक्के कमी करून सुरुवात कर' हा नियम चांगला आहे, पण तोही पुस्तकाच्या जागी बसत नाही. पुस्तक प्रत्येक दारूचं वेगळं सांगतं, कारण प्रत्येक दारू वेगळी आहे.

वेगाचं वेड हे आणखी एक. हल्ली गोळीचा वेग मोजायची यंत्रं स्वस्त झालीत. नवशिक्या मोजतो, पुस्तकापेक्षा वेग कमी येतो, आणि त्याला वाटतं वकिलांचा पुरावाच सापडला! अरे बाबा, चाचणीची नळी तुझ्या नळीपेक्षा लांब असेल, तिची मापं घट्ट असतात. तो वेग तुझ्या रायफलचं देणं नाही. उलट कमी दारूत पुस्तकाचा कमाल वेग मिळाला तर थांबायला हवं, कारण वेग काही फुकट मिळत नाही, दाबातूनच येतो.

आता त्या तीस वर्षंवाल्यांकडे येतो. तीस वर्षांत काही झालं नाही, हे त्यांचं प्रमाणपत्र. तीस वर्षांत त्यांच्या बंदुकीत, त्यांच्या पुंगळ्यांत, त्यांच्या डब्यातल्या दारूने काही झालं नाही, एवढंच त्यातून कळतं. ज्यांचं झालं ते रेंजवर सल्ले द्यायला येत नाहीत. आमच्या ओहायोतल्या एका रेंजवर तीन वर्षांपूर्वी एका अनुभवी गृहस्थाच्या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर फुटला, वरची पोलादी पट्टी उडाली. लाइट लोड भरत होते. अशी जलद दारू इतकी थोडी लागते की पुंगळी अर्धीही भरत नाही. चुकून दोनदा घातली तरी वरून दिसत नाही. (यासाठीच नवशिक्याने अशी दारू निवडावी की दोनदा घातली तर बाहेर सांडेल, आणि गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत दिव्याखाली डोकावून बघावं.) त्या गृहस्थांना अंगठ्यावर टाके पडले. शेजारच्या लेनमध्ये एक कॉलेजची मुलगी होती, तिच्या गालात तुकडा शिरला, डोळ्याच्या दोन बोटं खाली. तिने कोणतीही वही वाचली नव्हती, कोणाचा सल्ला घेतला नव्हता. 'माझी बंदूक, माझी जोखीम' म्हणणाऱ्यांना मी या मुलीबद्दल विचारतो, तेव्हा ते विषय बदलतात.

२०२० ते २०२२ मध्ये इथे टोप्या आणि दारू मिळेनाशा झाल्या. रिकामी फडताळं. त्या काळात या ऐकीव आकड्यांना ऊत आला होता. तीच दारू मिळत नाही, मग तिच्या 'बहिणी'ने भरू. जळण्याच्या वेगाच्या कोष्टकात दोन नावं एकाखाली एक आहेत, मग चालतंय की! ते कोष्टक म्हणजे वर्गातला पटावरचा क्रम आहे, दोघांच्या गुणांमधलं अंतर त्यात नसतं. माझं तेव्हाही म्हणणं हेच होतं की ज्या जोडणीचा छापील आकडा मिळत नाही, ती भरू नका. सहा महिने बंदूक कपाटात राहिली म्हणून कोणी मेलेलं नाही.

हे सगळं म्हटल्यावर पुस्तकवाल्यांनाही थोडं सुनवायला हवं. दोन पुस्तकांत एकाच जोडणीचे कमाल आकडे वेगळे असतात आणि त्यामुळे नवशिक्याचा विश्वास उडतो. खरं तर त्यात लबाडी नाही. चाचणी-नळी वेगळी, दारूची घाण वेगळी, टोपी वेगळी. दोन प्रामाणिक मोजण्यांत एवढा फरक पडायचाच. जुन्या पुस्तकातले आकडे नव्यात खाली आले, तर त्यातही बऱ्याचदा मोजण्याची रीत बदलल्याचा हात असतो. पूर्वी तांब्याची छोटी नळकांडी किती चेपली यावरून दाब काढत; आताचे सेन्सर दाबाचं शिखर थेट पकडतात. पण हे वाचकाला सांगायचं कोणी? काही पुस्तकं दाबाचा आकडा छापतात. कित्येक नावाजलेली पुस्तकं मात्र नुसती दारू आणि वेग छापतात, दाबाचा रकानाच नाही. वाचकाने काय समजायचं? मर्यादेच्या किती जवळ आहोत हे त्याला दिसतच नाही, आणि मग वकिलांची दंतकथा फोफावते. माझ्या क्षेत्रात दाब न लिहिलेलं ड्रॉइंग कोणी हातात धरणार नाही. मोजलेला आकडा तुमच्याकडे आहे, छापायला पाच अक्षरांची जागा लागते. छापा.

सांगलीच्या मुलाने दोन शनिवार घालून ती साठ काडतुसं उकलली. हातोडीसारखं एक साधन मिळतं, त्यात काडतूस घालून आपटलं की गोळी सुटते. पितळ वाचलं, गोळ्या वाचल्या, दारू त्याने हिरवळीवर विरळ पसरून टाकली. मग आयएमआरच्या पानावरच्या सुरुवातीच्या आकड्याने दहा काडतुसं भरली, खोक्यावर तारीख, दारूचं पूर्ण नाव आणि वजन लिहिलं. नेम आजोबांच्या आकड्याने किती लागला असता ते आता कळायचं नाही. पण या दहांचा बरा लागला म्हणाला.